बाहेरची कडी

कोक-बुलाक,
१६ फेब्रुवारी २००३, रविवार

आदरणीय सालिमा एजे यांस,

धाकट्या भावाचा, कुबातचा, सप्रेम सलाम वि. वि.

कुर्बानीची ईद नीट पार पडली. तुमच्या वाट्याचे मांस एसेन ड्रायव्हरच्या बसने पाठवले होते, ते बिश्केकला पोचले असेल. नुरिलाने सोबत कुरुतच्या गोळ्यांची पिशवी दिली आहे. पिशवी हलकी वाटली तर तुमच्या भावजयीला दोष देऊ नका, एसेनला वाटेत सुके दही चघळायची खोड आहे. थंडी अजून हटत नाही. पहाटे शाळेच्या अकरा शेगड्या पेटवून बाहेर येतो तेव्हा दाढीवर बर्फ धरलेले असते. तुमच्या गुडघ्याचे काय म्हणणे आहे ते कळवा.

आता मुद्द्याचे. आपल्या जिपारने शाळेत एका मुलाचा दात पाडला. शुक्रवारची गोष्ट. मुलगा दहावीतला मिर्लान, गावप्रमुख ओस्मोनालीचा नातू. झाले ते असे. दिवसभर वर्गांत कोळसा नेऊन टाकायची पाळी मुलांची असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दहावीची पोरे आपली पाळी स्वतः करत नाहीत. गेल्या शरदात पामीरकडून जी सहा घरे इथे राहायला आली, त्यांच्या मुलांकडून ती बादल्या वाहून घेतात. त्या मुलांचे बोलणे वेगळे, म्हणून त्यांची नक्कलही करतात. शुक्रवारी त्यांतल्याच तोख्तोबायची मुलगी बिबिसारा, दुसरीतली, आठ वर्षांची, बादली उचलत नाही म्हणाली. त्यांनी तिला कोळशाच्या खोलीत ढकलले आणि बाहेरून कडी घातली. बाहेर शून्याच्या अठरा अंश खाली होते. जिपारने आवाज ऐकून कडी काढली. मिर्लान पुन्हा दार लावायला आला, त्याने जिपारची वेणी धरली, आणि जिपारने हातातली रिकामी बादली फिरवली.

बेइशेन मुख्याध्यापकांनी मला बोलावले. त्यांचे म्हणणे, मिर्लानकडे डॉक्टरचा दाखला आहे आणि दुसऱ्या बाजूला कसलाच पुरावा नाही. जिपारने खुलासा लिहून द्यायचा आणि २४ तारखेच्या सोमवारी अंगणात सगळ्या शाळेसमोर माफी मागायची. नाही तर तिचे नाव पोलिसांच्या बालगुन्हेगारांच्या नोंदीत जाईल आणि शाळेतून दाखला देऊन पाठवतील. मिर्लानचे काय, असे मी विचारले. ते म्हणाले, त्याला समज दिली आहे.

माझ्या लेकीला जूनमध्ये नववीची परीक्षा देऊन नारीनच्या परिचारिका विद्यालयात जायचे आहे. तिथे शाळेचे शिफारसपत्र लागते. नोंदीत नाव गेलेल्या मुलीला ते कोण देणार? जिपार म्हणते, लिहीन, पण झाले ते लिहीन. मी काय करू, एजे? माझा राग मला झोपू देत नाही आणि रागाने काही ठरवू नये असे मला वाटते.

तुमची दुवा घराच्या दारापर्यंत पोचू दे.

तुमचा भाऊ,
कुबात


बिश्केक,
१९ फेब्रुवारी २००३

चि. कुबात यास अ. उ. आ.

पत्र आणि मांस दोन्ही मिळाले. कुरुतही मिळाले. एवढे कडक की माझा उरलेला दात हलला. आता मीही डॉक्टरचा दाखला घेऊन नुरिलाला अंगणात उभी करू का? तिला सांग, मजा केली. पोरीने दात पाडला हे वाचून मी आधी हसले आणि मग चष्मा पुसून पुन्हा वाचले. ती आपल्या आईवर गेली आहे, तुझ्यावर असती तर बादली खाली ठेवून आधी नमाजाची वेळ पाहिली असती. रागावू नकोस.

आता ऐक. मी बत्तीस वर्षे शाळेत होते आणि त्यातली अकरा उपमुख्याध्यापक. खुलासा म्हणजे दोन ओळी असतात. त्या फायलीत जातात आणि फाईल कपाटात जाते, कुणी पुन्हा वाचत नाही. जिपारला सांग, लिहून टाक की हात उचलायला नको होता. अंगणात एक वाक्य म्हण आणि जूनमध्ये नारीनला जा. तिथे गेल्यावर त्या मिर्लानसारख्यांना सुया टोचायला मिळतील. न्यायासाठी पोरगी नववीत अडकली तर तो न्याय कुणाच्या कामाचा?

बेइशेनला माझा सलाम सांग. पहिली नोकरी त्याने माझ्या हाताखाली केली. कोवळा होता तेव्हा, वर्गात शिरताना त्याचीच मान खाली असायची. त्याला फार दुखवू नकोस. ओस्मोनालीच्या कमिटीतून शाळेला कोळसा येतो, हे तोही विसरू शकत नसेल.

गुडघा मला रोज सलाम करतो, मी उत्तर देत नाही.

माया आहेच, ती अशीच घट्ट धरून ठेवा.

तुझी एजे,
सालिमा


कोक-बुलाक,
२२ फेब्रुवारी

प्रिय सालिमा एजे,

स. स. वि. वि. मी जिपार. तुमचं पत्र अब्बांनी मला वाचायला दिलं. मला राग आला, म्हणून हे लिहिते. अब्बांना हे पत्र माहीत आहे पण त्यांनी वाचलेलं नाही.

दोन ओळींचं म्हणता, तर ऐका. मी खुलासा तीनदा लिहिला. पहिल्यात वार, तास, कोण कुठे उभं होतं, सगळं लिहिलं. बेइशेन आगाय म्हणाले, एवढं पाल्हाळ नको, फक्त आपलं काय ते लिही. दुसऱ्यात मी फक्त माझं लिहिलं, की मी कडी काढली, माझी वेणी ओढली गेली आणि मी बादली मारली. ते म्हणाले, कडी कशाला? वेणी कशाला? तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं, "बादली मारली, चूक झाली, एवढं लिही आणि घरी जा." मी लिहिलं की बादली मारली. पुढचं लिहिलं नाही. त्यांनी तिन्ही कागद माझ्यासमोर फाडले. ओरडले नाहीत. तुमच्यासारखेच अगदी प्रेमानं बोलत होते.

मिर्लानला कुणी एक ओळ लिहायला लावली नाही. तो बर्फात उभा राहून सगळ्यांना तोंडातली फट दाखवतो आणि मला "डॉक्टरीणबाई" म्हणतो, माझा दात कधी बसवताय विचारतो. पोरं हसतात. परवा त्यांच्या बादल्या पुन्हा पामीरवाल्यांनीच वाहिल्या.

बिबिसारा शाळेत येत नाही. मी तिच्या घरी गेले होते. तिच्या बोटांच्या टोकांवरची कातडी निघाली आहे. तिच्या अम्मीनं मला चहा दिला, तळलेले बोरसोक दिले आणि सारखी खिडकीतून बाहेर बघत होती. तिच्या अब्बांनी शाळेला लिहून दिलं आहे की पोर कोळशात खेळत होती आणि दार वाऱ्यानं लागलं. त्यांचे इथे राहायचे कागद ओस्मोनालीच्या टेबलावर आहेत, अजून सही व्हायची आहे. ते माझ्याकडे बघत नव्हते. मला त्यांचा राग आला नाही, एजे. तुमचा आला.

अब्बा काल एक मेंढी कापून आणि स्वतःचा नवा चपान खांद्यावर टाकून ओस्मोनालीकडे गेले. अम्मी दोन हिवाळे तो कापूस भरलेला अंगरखा शिवत होती, अब्बांनी फक्त ईदच्या नमाजाला घातला होता. आमच्या हातून रक्त सांडलं आहे, म्हणून आधी आपण जायचं, असं ते म्हणाले. मी म्हटलं, तो दार लावत होता. ते म्हणाले, ते त्यांनी सांगायचं, एका ताटात जेवल्यावर माणूस खरं बोलतो. अम्मीनं चपानची घडी घातली तेव्हा आपल्या हातानं टाचलेली एकेक ओळ चाचपून पाहिली.

आणखी एक आहे, ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही विचारलंत तर सांगीन.

तुमची,
जिपार


कोक-बुलाक,
२५ फेब्रुवारी २००३, मंगळवार

आदरणीय एजे, स. स. वि. वि.

या पत्रात हास्यविनोद शोधू नका. मी फार रागात आहे आणि तो तुमच्यापुढे लपवत नाही.

शुक्रवारी मी ओस्मोनालीकडे गेलो. आपल्या वडिलांनी दोनदा असे केलेले मी लहानपणी पाहिले होते. ज्याच्या हातून रक्त सांडले त्याने आधी जायचे, चपान समोरच्याच्या खांद्यावर घालायचा, मांस पुढे ठेवायचे. मग समोरचा म्हणतो, माझ्याही घरातून चूक झाली. दोघे हात वर करून दुवा मागतात आणि गोष्ट तिथे मिटते. त्यात हरलेला कुणी नसतो. मला वाटले, अंगणातल्या माफीपेक्षा हे बरे.

ओस्मोनालीने चपान घालून घेतला. बाह्या लांब करून पाहिल्या, कापूस चांगला भरलाय म्हणाला. जेवला. दुवा मागितली. आपल्या नातवाविषयी शब्दही बोलला नाही. मी वाट पाहिली. मग मला वाटले, म्हाताऱ्याला लाज वाटत असेल, उद्या बोलेल.

उद्या तो बोलला, पण मुख्याध्यापकांशी. कागदावर. मुलीचा बाप मेंढी आणि चपान घेऊन घरी आला, गुन्हा कबूल केला, साक्षीला अमुक तमुक. काल मला शाळेने हुकूम वाचायला दिला. तुमच्यासाठी उतरवून घेतला आहे:

"नववीतील विद्यार्थिनी जिपार हिने दि. १४ रोजी सहविद्यार्थ्यास दुखापत केली. पालकांनी कुटुंबीयांची भेट घेऊन चूक मान्य केली आहे. कोण बरोबर हे शाळा पाहत नाही. हात कोणी उचलला एवढेच शाळा पाहते. विद्यार्थिनीने सोमवार दि. ३ मार्च रोजी सर्वांसमोर माफी मागावी. न मागितल्यास नाव कमी करून नोंदीसाठी पाठवण्यात येईल."

एजे, मी चपान अल्लाहला साक्षी ठेवून घातला होता आणि त्यांनी त्याचा पुरावा केला. माझ्या मुलीविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा मी स्वतःच्या हाताने त्यांच्या खांद्यावर घातला. नुरिलाने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

आणि हे मी कुणाला बोललो नाही, तुम्हाला लिहितो. कोळशाच्या खोलीच्या दाराला बाहेरची कडी मी बसवली. ऑक्टोबरात वाऱ्याने दार आपटत होते आणि शेळ्या आत शिरत होत्या, म्हणून. शुक्रवारी दुपारी तासभर मी मशिदीत असतो, हे सगळ्या गावाला माहीत आहे. म्हणजे पोरांनाही माहीत आहे. जिपार सांगते, हिवाळाभर हे चालले होते, दर शुक्रवारी, कधी एका पोराला, कधी दुसऱ्याला. मी तिथे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावत होतो आणि इथे मी लावलेल्या कडीमागे कुणाचे तरी लेकरू दार वाजवत होते. नमाज सोडावा असे मला वाटत नाही. पण त्या तासाचा जाब मला विचारला जाईल, आणि तो बेइशेन विचारणार नाही.

पुढच्या सोमवारी काय करायचे ते मुलीवर सोडले आहे. तुम्हाला आणखी काही सुचत असेल तर एसेनच्या गुरुवारच्या बसने लिहा.

तुमचा,
कुबात


बिश्केक,
२७ फेब्रुवारी २००३

कुबात,

आशीर्वाद नंतर. आधी हे.

तो हुकूम मी तीनदा वाचला. "कोण बरोबर हे शाळा पाहत नाही, हात कोणी उचलला एवढेच शाळा पाहते." हे वाक्य बेइशेनचे नाही. माझे आहे. १९७९ साली, त्याच इमारतीत, त्याच कचेरीत मी ते म्हणाले आणि वहीत लिहून ठेवले, कारण मला ते फार चांगले जमले आहे असे वाटले होते.

उरुमकान नावाची मुलगी होती, सातवीत. वर्गात एक लंगडा मुलगा होता, पोरे त्याची कुबडी पळवून छपरावर टाकायची. उरुमकानने एकाच्या तोंडावर दौत फेकली. डोळ्याजवळ जखम झाली. त्याचा बाप सामूहिक शेताचा अध्यक्ष. मी उरुमकानला बोलावले आणि खुलासा लिहायला लावला. चार वेळा लावला. ओरडले नाही, अगदी प्रेमाने बोलत होते. जिपारचे हेच शब्द वाचले तेव्हा मी पत्र खाली ठेवले, कारण ती बेइशेनविषयी लिहीत होती आणि मला दाराशी उभा राहून उरुमकानला नवा कोरा कागद देणारा तरणा बेइशेन दिसत होता. त्याने काम माझ्याकडूनच शिकून घेतले. प्रत्येक खुलाशात मुलीचे अक्षर लहान लहान होत गेले. चौथ्यात तिने माझी चूक झाली असे लिहिले, ते वाचायला मला चष्मा लावावा लागला. त्यानंतर तिने वर्गात कधी वर पाहिले नाही. आठवीनंतर ती शाळेत आली नाही. मी चौकशी केली नाही. फाईल कपाटात गेली होती.

मी तुला लिहिले की फाईल कुणी पुन्हा वाचत नाही. चोवीस वर्षांनी ती कोक-बुलाकच्या शाळेत वाचली जात आहे. जिपारला सांग, तुझी आत्या मूर्ख होती आणि मूर्खपणाचा पगार घेत होती. चौथा खुलासा लिहू नकोस म्हणावे. आणि काय सांगायचे राहिले आहे ते विचारते आहे म्हणावे, लिहून पाठव.

बेइशेनला मी वेगळे पत्र लिहिले आहे. त्यात सलाम नाही. तो ते वाचून काही करील अशी आशा नाही, त्याला अजून दहा वर्षे नोकरी आहे. पण ते वाक्य माझे आहे आणि मी ते परत घेते, एवढे त्याला कळू दे.

आता चपानचे. घातलेला चपान कुणी परत मागत नाही, हे मलाही माहीत आहे. मागितला तर सात गावांत नाव जाते. पण कोणता कायदा मागू नको म्हणतो? लाज तेवढी म्हणते. आपल्या घरात लाजेचा साठा भरपूर आहे, थोडी खर्च कर. आणि परत मिळाला तर घरी आणू नकोस. तू तो ज्याला द्यायला हवा होतास त्याला दे. तुझ्या पत्रातच ते लिहिले आहेस, तुला दिसले नाही.

गुडघा नसता तर मी उद्याच एसेनच्या बसमध्ये बसले असते आणि त्याचे सगळे कुरुत खाल्ले असते.

तुम्हा तिघांना आशीर्वाद. आज पहिल्यांदा मीच तुमच्याकडे मायेची भीक मागते आहे.

सालिमा


कोक-बुलाक,
४ मार्च २००३, मंगळवार

आदरणीय एजे,

स. स. वि. वि. पत्र शुक्रवारी सकाळी मिळाले. मी ते वाचून खिशात घातले आणि मशिदीत गेलो. जाण्याआधी कोळशाच्या खोलीला माझे कुलूप घातले. दुवेच्या वेळी तुमचे चपानविषयीचे वाक्य आठवत राहिले. माझ्या पत्रात मीच लिहिले होते: मी लावलेल्या कडीमागे कुणाचे तरी लेकरू. रक्ताची चूक जिपारकडून झाली, ती लहान. कडीची चूक माझी, ती मोठी. मी चपान घेऊन चुकीच्या घरी गेलो होतो.

रविवारी दुपारी ओस्मोनालीकडे गेलो. फाटकाशी पाचसहा माणसे उन्हात बसली होती, ते बरेच झाले. मी सलाम केला आणि सांगितले, "रक्त सांडलं त्याची माफी मी तुमच्याजवळ मागितली, ती अजूनही मागतो. पण त्या चपानचा तुम्ही कागद केलात. कागद तुमच्याजवळ राहू द्या. चपान द्या."

ओस्मोनाली हसला आणि म्हणाला, मेंढीही परत हवी का, ती पोटातून काढावी लागेल. मी म्हटले, ती राहू द्या, जेवढी पचली तेवढी तुमची. बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला की असे कधी झाले नाही, कुबात, तुझ्या बापाने असे केले नसते. मी म्हटले, माझ्या बापाला कुणी असे फसवले नव्हते. एजे, मी आवाज चढवला नाही. पण मनात असे शब्द येत होते की ते तोंडातून निघाले असते तर चाळीस दिवस वजू करून धुतले गेले नसते.

मग ओस्मोनालीची बायको घरातून बाहेर आली. चपान तिच्या हातावर होता, अस्तर बाहेर, नीट घडी केलेला. नवऱ्याकडे तिने पाहिले नाही. माझ्या हातावर ठेवताना हलक्या आवाजात विचारले, त्या पोरीची बोटे कशी आहेत? मी म्हटले, कातडी निघाली. ती मान खाली घालून आत गेली. गेल्या दोन आठवड्यांत त्या घरातून कुणी विचारलेला हा पहिला प्रश्न.

तिथून सरळ तोख्तोबायकडे गेलो. तो दार उघडेना, घाबरला होता. उघडले तेव्हा मी उंबऱ्यावरच चपान त्याच्या खांद्यावर घातला आणि सांगितले की कडी मी लावली होती, तास माझा होता, तुझ्या मुलीचा मी गुन्हेगार आहे, मला माफ कर. कागदाचे, शाळेचे, साक्षीचे काहीही मागितले नाही. तो बाह्या धरून उभा राहिला. मग मला थोरला भाऊ करून म्हणाला, "बाइके, मला हा परवडणार नाही." मी म्हटले, मलाही परवडला नव्हता, माझ्या बायकोने शिवला. तेव्हा तो हसला की रडला ते मला कळले नाही. मांस माझ्याजवळ नव्हते, त्याच्याच घरचा पाव आम्ही मोडून खाल्ला. बिबिसारा कोपऱ्यातून पाहत होती. दोन्ही हातांना फडकी होती. दुवेसाठी तिने ती फडकीच वर धरली.

सोमवारी सकाळी अंगणात सगळी शाळा ओळीने उभी राहिली. शेगड्या पेटवून मी कोळशाच्या खोलीच्या दाराशी थांबलो. बेइशेनने हुकूम वाचला, पण ते वाक्य आले तेव्हा त्याने वर पाहिले नाही आणि ते गाळले. तुमचे पत्र त्याला मिळाले असावे. त्यानंतर मात्र त्याने बाकीचे सगळे नीट वाचले. मिर्लान पहिल्या ओळीत होता. जिपारला पुढे बोलावले.

आदल्या संध्याकाळी तिने मला फक्त एवढे सांगितले होते की ती माफी मागणार आहे. मी काही विचारले नाही. खरे सांगतो, मला वाईट वाटले आणि हायसेही वाटले, आणि हायसे वाटल्याची लाज वाटली.

ती पुढे आली. हातात कागद नव्हता. म्हणाली:

"मला माफी मागायची आहे. बिबिसाराची. चौदा तारखेला पाचव्या तासाला मी दार वाजलेलं ऐकलं होतं. मला माहीत होतं तिथे कोण असणार, हिवाळाभर माहीत होतं. मी गेले नाही, कारण मिर्लान वाटेत उभा होता आणि मला त्याची भीती वाटली. मी सहाव्या तासाला गेले. तोपर्यंत ती आत होती. त्या एका तासाची मी माफी मागते. बादलीची मागत नाही."

तुमच्याजवळ सांगायचे राहिले होते ते हेच. एवढे दिवस ती ज्या रागाने बोलत होती त्यातला निम्मा स्वतःवर होता, आणि मी बाप असून तो मला दिसला नाही.

मग मी फाटकाकडे पाहिले, आणि सगळेच पाहू लागले. तोख्तोबाय तिथे उभा होता. अंगात तो चपान. शेजारी बिबिसारा. गावातल्या प्रत्येक माणसाने दहा दिवसांपूर्वी ऐकले होते की तो चपान ओस्मोनालीच्या खांद्यावर गेला, आणि आता तो तोख्तोबायच्या अंगात होता. शाळेला लिहून दिलेला कागद त्याने परत मागितला नाही, मागेल असेही मला वाटत नाही, त्याला पाच लेकरे आहेत. पण तो प्रार्थनेनंतर उभे राहतात तसा, हात खाली सोडून, शेवटपर्यंत उभा राहिला. मिर्लानने त्याच्याकडे पाहिले आणि तोंड बंद केले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा ती फट दिसली नाही.

तुम्हाला वाटेल की मग काही बदलले. दुपारी जिपारला दाखला दिला. "माफी नियमाप्रमाणे मागितली नाही." नाव नोंदीला गेले. मी बेइशेनला म्हटले, तिने सर्वांसमोर माफी मागितली, तुमच्या हुकमात कुणाची ते लिहिले नव्हते. तो म्हणाला, कुबात, माझ्या हातात काही नाही. मी म्हटले, कागद आहे. त्याने मला जायला सांगितले.

आज सकाळी जिपारला घेऊन बारा किलोमीटरवरच्या अक-तालच्या शाळेत गेलो. तिथल्या मुख्याध्यापिकेने दाखला वाचला, पलटून मागची बाजूही वाचली, आणि विचारले की परिचारिका व्हायचे असेल तर रसायनशास्त्रात किती गुण आहेत. बाकी काही विचारले नाही. सोमवारपासून ती एसेनच्या बसने जाईल. एसेन म्हणतो भाडे घेणार नाही, कुरुत घेईन. नारीनचे काय होईल ते जूनमध्ये कळेल. नोंद तिथेही पोचेल, मी तुम्हाला खोटी आशा देत नाही. पण तिने उशीर कबूल केला आणि बादली कबूल केली नाही, हे माझ्या मनात फार पक्के बसले आहे. रागातही काय आपले आणि काय त्यांचे हे तिला कळते. मला ते एकोणपन्नासाव्या वर्षी तुमच्या पत्रातून कळले.

एक राहिले. सोमवारी संध्याकाळी मी कोळशाच्या खोलीच्या दारावरची कडी काढून टाकली. चार खिळे होते, गंजलेले, जोर लावावा लागला. आता दार वाऱ्याने आपटते, शेळ्या शिरतात, आणि आत कुणाला कोंडता येत नाही. आज शाळेने मला नोटीस दिली: शाळेची मालमत्ता परवानगीशिवाय काढल्याबद्दल आणि शुक्रवारी कामाची जागा सोडल्याबद्दल खुलासा लिहून द्यावा. म्हणजे मलाही. मी एकदाच लिहिला आणि दिला. तुम्ही शिक्षिका, म्हणून खाली उतरवतो. चुका असतील तर लाल शाईने सुधारा, मात्र एक ओळही कमी करू नका.

"मी, कुबात, शाळेच्या शेगड्या पेटवतो. दर शुक्रवारी दुपारी एक तास नमाजाला जातो, यापुढेही जाईन. कोळशाच्या खोलीला बाहेरून कडी होती. ती मी बसवली होती. त्या कडीने हिवाळाभर लेकरे कोंडली गेली आणि मला माहीत नव्हते. माहीत असायला हवे होते. कडी आता माझ्या घरी आहे. शाळेला हवी असेल तर घेऊन जा, पण ती बसवायला दुसरा माणूस पाहा."

तुमच्या दुवेची आज आम्हांला नेहमीपेक्षा जास्त गरज आहे, ती पाठवत राहा.

तुमचा भाऊ,
कुबात